रुंद फळ्यांची जमीन

श्रोतेहो, आषाढ लागला की आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक तरी दार अडू लागते. फाल्गुनात जे दार एका बोटाने लोटता येत होते त्याला आता खांदा लावावा लागतो. टेबलाचा खण बाहेर येत नाही, खिडकीची झडप लागत नाही. मग कोणीतरी सुताराला बोलावतो, सुतार रंधा मारून कड उतरवतो, आणि दिवाळीनंतर त्याच दाराला इतकी फट पडते की तीतून पाल सहज आत येते. हे दरसालचे आहे आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पण हेच लाकूड दाराऐवजी पायाखाली जमीन म्हणून अंथरले म्हणजे ते जागचे हलणार नाही, असे आपण का धरून चालतो, हे मला कळत नाही. रुंद फळ्यांची जमीन खालच्या बैठकीवर कशी बसवावी, आणि कशी बसवू नये, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी भूगोल शिकवणारा मनुष्य. सुतारकाम माझा व्यवसाय नव्हे. तरी हा विषय माझ्या अंगणातला आहे असे मी म्हणतो, कारण फळी बसवताना हवामान विसरले की ती फसते, आणि हवामान हा माझ्या तासाचा धडा आहे. दुसरे कारण घरगुती आहे. मी कुळगावात राहतो. बदलापूर स्टेशनच्या आसपासची जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी पाच-सात मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. कौलारू घराची दुरुस्ती दर वर्षी काय मागते हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. परंतु त्या घरांतून जे लाकूड निघते, विशेषतः माडीच्या सागवानी फळ्या, त्यांचे पुढे काय होते हे पाहिले की जीव हळहळतो. ज्यांना जाण आहे अशी माणसे त्या फळ्या वखारवाल्याला न देता नव्या घरात जमिनीला वापरतात. हेतू उत्तम. आणि पुष्कळदा त्या फळ्यांचा शेवट तिथेच होतो.

आधी आपल्याकडची जुनी पद्धत पाहू. वाड्यांतून आणि मोठ्या घरांतून माडीसाठी जो प्रकार करीत त्याला कडीपाट म्हणतात. तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. पुण्याचा विश्रामबागवाडा ज्यांनी पाहिला असेल त्यांच्या डोळ्यांपुढे हे लगेच उभे राहील. मुंबईच्या जुन्या चाळींचे मजलेही पुष्कळसे असेच, सागाच्या कड्या आणि वर फळ्या. फळ्यांवर मातीचा थर दाबून बसवीत आणि तो शेणाने सारवीत. मागाहून कुठे कुठे चुना किंवा शहाबादी फरशी आली. अशा घरात ज्यांचे बालपण गेले त्यांना एक गोष्ट पक्की आठवत असेल. थंडीच्या दिवसांत माडीवर कोणी जोराने चालले की खाली ताटात माती झडायची. त्यासाठी माजघरात वर कापडाचे छत बांधीत. ती माती फळ्यांच्या सांध्यांतून येई. थंडीत सांधे उघडत, पावसाळ्यात मिटत. शंभर-शंभर वर्षे ती जमीन अशी उघडत-मिटत राहिली आणि फळी फाटली नाही, कारण फळीला उघडण्या-मिटण्यास जागा होती. वर मातीचा थर असल्यामुळे दमट हवा फळीपर्यंत सावकाश पोचे, हाही एक फायदाच.

आता लाकूड हलते म्हणजे काय होते ते पाहू. बोरूंची एक मोळी घ्या. लाकडाची घडण साधारण तशीच असते, अतिशय बारीक नळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. हवेतील ओलावा या नळ्यांच्या भिंतींत शिरतो आणि भिंती जाड होतात. जाड झाल्या म्हणजे मोळीचा घेर वाढतो. लांबी जवळजवळ वाढत नाही. म्हणून दहा फूट लांबीची सागाची फळी वर्षभरात लांबीने जेमतेम मिलिमीटरभर कमीजास्त होईल, पण तीच फळी रुंदीने किती हलते याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे.

साग हे फार कमी हलणारे लाकूड म्हणून जगभर नावाजलेले आहे. तरीसुद्धा लाकडातला ओलावा एक टक्क्याने बदलला तर फूटभर रुंद सागवानी फळी सुमारे अर्धा मिलिमीटर बदलते. तुम्ही म्हणाल, अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण आपल्याकडे हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांवर राहिली तर लाकडातला ओलावा ९-१० टक्क्यांवर स्थिरावतो, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर जाऊन तशीच राहिली तर तो १७ टक्क्यांच्या आसपास जातो. जाड फळीला, तेल दिलेल्या फळीला, तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून आपण सहाच टक्के फरक धरू. म्हणजे एका फळीमागे तीन मिलिमीटर आणि थोडे वर. अशा दहा फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की दहा फुटांच्या खोलीत सव्वा इंचाहून अधिक. सव्वा इंच जास्तीचे लाकूड आषाढात कुठून तरी येते आणि माघात कुठेतरी जाते. त्याला जागा दिली नाही तर ते स्वतःच्या बळाने करून घेते, आणि फुगणाऱ्या लाकडाचे बळ सामान्य नव्हे. खडकातल्या भोकात कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकून त्यांवर पाणी ओतायचे आणि दगड फोडायचा, ही युक्ती जुनी आहे.

फळी ओंडक्यातून कशी कापली आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. फळीचे टोक पाहा. वाढीच्या वर्तुळांच्या रेषा टोकाला उभ्या दिसत असतील तर ती फळी आडव्या रेषांच्या फळीच्या सुमारे निम्मीच हलेल. पण एका ओंडक्यातून अशा फळ्या थोड्याच निघतात. आडव्या रेषांच्या फळीची आणखी एक खोड आहे. सुकताना ती वर्तुळे सरळ होऊ पाहतात, त्यामुळे फळी सालीच्या बाजूने पन्हळीसारखी होते. म्हणून फळीची कोणती बाजू वर ठेवली आहे हे मिस्त्रीला विचारावे. तो नुसता तुमच्या तोंडाकडे पाहत राहिला तर काय समजायचे ते समजा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोक म्हणतात, “अहो, शंभर वर्षांचा साग आहे, मुरलेला आहे, आता काय हलणार?” लाकूड मुरते हे खरे. त्यातले ताण कमी होतात, वेडेवाकडे व्हायचे ते होऊन गेलेले असते. पण हवेतील ओलावा घेणे आणि सोडणे हा त्याचा गुण शंभर वर्षांनीही जात नाही. आजोबांच्या वेळचे दार दर आषाढात अडते, याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

आता मी प्रत्यक्ष पाहिलेली एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपले कुळगावातले जुने घर पाडायला दिले तेव्हा माडीच्या बावीस फळ्या काढून ठेवल्या. अकरा ते तेरा इंच रुंद, सव्वा इंच जाड, असा साग आज विकत घ्यायचा म्हटला तर दुकानदार आधी हसेल आणि मग किंमत सांगेल. नव्या इमारतीत त्यांना चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. तिथे दोन खोल्यांत या फळ्या बसवण्याचे काम एका ठेकेदाराने घेतले. महिना एप्रिलचा. फळ्या तेव्हा पापडासारख्या कोरड्या. त्याने त्या रंध्याने साफ केल्या, स्लॅबवर सरसाचा भरपूर थर दिला, फळीला फळी ठोकून ठोकून घट्ट भिडवली, दोन्ही कडांना पोलादी खिळे मारले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत केसाचीही फट ठेवली नाही. काम दिसायला इतके सुरेख झाले की मंडळी पाहायला येत.

जुलैच्या मध्याला मधली जमीन उचलली. दोन फळ्यांच्या सांध्याशी तंबूसारखा उंचवटा आला आणि त्यावर पाय दिला की आवाज होई. भिंतीकडच्या पट्ट्या सुटल्या. फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खाली, असा प्रत्येक फळीला पन्हळीचा आकार आला, कारण नव्या स्लॅबचा ओलावा खालून येत होता आणि वरून पंखा चालू होता; खालची बाजू अधिक फुगली. यावर ठेकेदाराने ऑगस्टमध्ये काय करावे? त्याने वर आलेल्या कडा यंत्राने घासून जमीन सपाट केली! श्रोतेहो, हे विशेष लक्षात ठेवा. पावसाळ्यात पन्हळलेली फळी कधीही घासू नये. ती माघात आपोआप सरळ होऊ लागते, आणि कडा आधीच घासलेल्या असल्या तर मग मध्य वर आणि कडा खाली, अशी उलटी कमान कायमची राहते. इथे तेच झाले. जानेवारीत आणखी एक झाले. दोन्ही कडांना खिळलेल्या फळ्या आकसू लागल्या, खिळे सोडीनात, आणि चार फळ्या लांबीतून तडकल्या.

त्या कुटुंबाने मग कुळगावातल्याच एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले. त्या वेळी मी तिथे होतो. मिस्त्री वाकले, एका तडेवर नख फिरवले आणि मला म्हणाले, “सर, दोन्ही हातांना धरून ओढलं तर कपडासुद्धा फाटतो. हे तर लाकूड.” मग घरातल्या आजींकडे वळून म्हणाले, “माई, फळ्या वाईट नाहीत. धरल्या वाईट.” माईंच्या डोळ्यांत पाणी होते. त्या फळ्यांवर त्यांच्या सासूबाईंनी सारवण घातले होते.

आता धरायच्या कशा? सर्वप्रथम बैठक. नव्या काँक्रीटमध्ये पाणी पुष्कळ असते आणि ते महिनोन्‌महिने निघत राहते. दोन फूट चौरस पॉलिथिनचा कागद स्लॅबवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. कागदाच्या आतून दव जमले किंवा स्लॅब तिथे काळवंडला तर फळीचे नाव काढू नका, थांबा. कोरडा असेल तर वर पॉलिथिनचा पडदा अंथरून त्यावर पाण्याला टिकणारे, भारतीय मानक ७१० चे, पाऊण इंची प्लायवूड स्क्रूने बसवावे. स्क्रूने पडद्याला भोके पडतात हे खरे, पण बाकीचा पडदा आपले काम करतो. प्लायवूडच्या तुकड्यांमध्येही थोडी फट हवी. जुन्या घरात कड्यांनी जे काम केले ते इथे प्लायवूड करते: खिळ्याला, स्क्रूला पकड देते. नुसत्या काँक्रीटवर फळी चिकटवणे मला पसंत नाही.

मग फळ्या. ज्या खोलीत बसवायच्या त्याच खोलीत त्या दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्या, दर दोन थरांमध्ये सारख्या जाडीचे ठोकळे घालून, म्हणजे हवा सगळीकडून खेळेल. जुन्या फळीत मोडलेले खिळे असतात ते शोधून काढावे, भुंग्याची आणि वाळवीची भोके तपासावी. रंधा मारायचा तो या मुक्कामानंतर. तेल द्यायचे ते फळीच्या दोन्ही बाजूंना. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी ठेवली की एका बाजूने ओलावा लवकर शिरतो आणि पन्हळ झालीच म्हणून समजा. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र हल्ली मिळते. फळी आणि खालचे प्लायवूड यांच्या आकड्यांत फार अंतर नसावे. भारतीय मानक २८७ मध्ये हवेच्या आर्द्रतेवरून देशाचे चार विभाग पाडून कोणत्या विभागात कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल हे दिलेले आहे. बंगलोरहून किंवा नागपुराहून तयार आलेले लाकूड आपल्याकडे आल्या आल्या का बसवू नये याचे उत्तर त्यातच आहे.

अरुंद पट्टी, म्हणजे तीन-चार इंचांची, असेल तर काम सोपे. एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खोबण करतात. सुतार त्याला नरमादी म्हणतात. जिभेच्या मुळाशी तिरपा खिळा मारला की पट्टी एका कडेला धरली जाते, खिळा दिसतही नाही, आणि दुसरी कड शेजारणीच्या जिभेवर मोकळी सरकते. फुटाच्या फळीला एवढ्यावर भागत नाही. एकाच कडेला धरलेली रुंद फळी दुसऱ्या कडेला उचलते. म्हणून तिला मध्यरेषेवर पक्के धरायचे आणि दोन्ही कडांना सैल. मध्यरेषेवरचे भोक स्क्रूच्या मापाचे गोल. कडांजवळची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट, वर वॉशर. स्क्रू फळीला खाली दाबून ठेवतो, पण ती आडवी सरकू लागली तर अडवत नाही. डोक्यासाठी केलेला खड्डाही तसाच थोडा मोठा हवा. त्यावर त्याच लाकडाची चकती, रेषांना रेषा जुळवून, बसवली की ओळखूही येत नाही. स्क्रू पितळेचे किंवा न गंजणाऱ्या पोलादाचे. चिकटवायचेच असेल तर पांढरा, कडक होणारा सरस नको. रबरासारखा लवचीक राहणारा पॉलियुरेथेनचा लेप मध्यरेषेलगत पट्ट्यांनी द्यावा, आणि जिभेला, खोबणीला त्याचा थेंबही लागू देऊ नये.

अशी प्रत्येक फळी मध्यावर धरली म्हणजे सव्वा इंचाचा तो हिशेब भिंतीपाशी साचत नाही, दर सांध्यात थोडा थोडा चुकता होतो. जहाजबांधणीत हेच तत्त्व निराळ्या रीतीने पाळतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागाची जी जहाजे बांधली, त्यांतले १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. जहाजाच्या डेकला फळ्या अरुंद घेतात आणि सांध्यांत दोर व डांबर ठासतात. सांधे जितके अधिक तितके प्रत्येकाच्या वाट्याला हलणे कमी. आपल्याला मात्र रुंद फळीच आवडते, कारण तिच्यावरची रेषा नदीच्या नकाशासारखी दिसते. आवडते तर तिचा स्वभाव सांभाळला पाहिजे. ज्यांना ही यातायात नको त्यांनी प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चढवलेल्या तयार पट्ट्या घ्याव्या. त्यात काही कमीपणा नाही.

काम केव्हा काढावे? एप्रिल-मेत लाकूड अतिशय कोरडे, जुलै-ऑगस्टमध्ये अतिशय ओले. म्हणून कार्तिक-मार्गशीर्ष, लाकूड जेव्हा दोन्ही टोकांच्या मध्ये असते. त्या वेळी सांध्यात दीडेक मिलिमीटर फट ठेवली की वर्षभर पुरते. जीभ मात्र लांब हवी, आठ-दहा मिलिमीटरची, म्हणजे माघ-फाल्गुनात सांधा उघडला तरी ती खोबणीतून सुटत नाही.

तळमजल्याबद्दल मात्र माझे मत कडक आहे. उल्हास नदीच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांनी तळमजल्यावर लाकडी जमीन करू नये. २६ जुलै २००५ आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती आणि प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले. वर सांगितलेली कोणतीही फट अशा पाण्याला पुरत नाही.

त्या बावीस फळ्यांचे काय झाले हे सांगायचे राहिले. तडकलेल्या चार फळ्या मिस्त्रींनी तडेवरून उभ्या कापल्या आणि त्यांच्या अरुंद पट्ट्या केल्या. त्या बाहेरच्या खोलीत लागल्या. सरस खरवडायलाच दोन माणसांना आठ दिवस लागले. उरलेल्या अठरा फळ्या पुढच्या मार्गशीर्षात आतल्या खोलीत बसल्या, मध्यावर घट्ट आणि कडांना सैल. सांधे मोजायला मिस्त्रींनी रुपयाचे नाणे वापरले. प्रत्येक सांध्यात ते उभे करून बघायचे आणि मगच पुढची फळी ओढायचे. ते नाणे माईंनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवले आहे. श्रावणात ते कोणत्याच सांध्यात शिरत नाही. माघात अलगद उभे राहते, थोडे हलतेसुद्धा.